नॉर्वेतला पहिला १७ मे : केक, कपडे, मिरवणूक... कशी तयारी करावी?

रानजाई
ओस्लोच्या शेजारी बैरुममध्ये नुकतेच राहायला आलो आहोत. मुलगी दुसरीत आहे. शाळेच्या पालक समितीची (इथे तिला फाउ म्हणतात) मेल आलीय. १७ मेला, म्हणजे इथल्या संविधान दिनी, प्रत्येक घरातून एक केक आणायचा आहे आणि आमच्या वर्गाच्या पालकांनी शाळेच्या कॅफेत दीड तास काम करायचं आहे. शेजाऱ्यांनी त्याच दिवशी सकाळी नाश्त्यालाही बोलावलंय.
केक कुठला न्यावा? साडी नेसली तर चालेल का? मुलीच्या हातात कोणता झेंडा द्यायचा? आणि मिरवणूक पाहायला ओस्लोला राजवाड्यापर्यंत जावं की इथेच थांबावं? आम्ही शाकाहारी आहोत, अंडं चालतं. जाणकारांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

उत्तरवारा
पहिल्या वर्षी शाळेतच थांबा, असं माझं ठाम मत आहे. हा दिवस मुलांचा आहे. राष्ट्रीय दिवस असूनही रणगाडे नाहीत, लष्करी संचलनाचा थाट नाही. मुख्य कार्यक्रम म्हणजे बार्नेतोग, शाळकरी मुलांची मिरवणूक. ती गल्लीगल्लीतून जाते तेव्हा तुमची मुलगी तिच्या वर्गाबरोबर चालत असणार, तुम्ही कडेला उभे राहून हुर्रा म्हणणार.
दिवस साधारण असा जातो. ८ वाजता झेंडा वर चढतो. काही ठिकाणी त्याआधीच शाळेचं कॉर्प्स, म्हणजे मुलांचं बँडपथक, वाजवत फिरून लोकांना उठवतं. मग घरोघरी नाश्ता. चर्चजवळ किंवा स्मारकापाशी पुष्पचक्र वाहतात, छोटं भाषण होतं. दहाच्या सुमारास बार्नेतोग निघते, पण प्रत्येक शाळेची वेळ वेगळी, तेव्हा मेलमधली वेळच खरी धरा. मिरवणूक संपली की शाळेच्या मैदानावर खेळ, सॉसेज, आईस्क्रीम, केक. दुपारनंतर मोठ्यांची मिरवणूक, त्यात क्लब आणि संस्था असतात.
भेटलेल्या प्रत्येकाला "ग्रातुलेरेर मे दागेन", म्हणजे आजच्या दिवसाच्या शुभेच्छा, म्हणायचं. दुकानदार, बसचालक, अनोळखी आजोबा, सगळ्यांना.

बर्गनकर
उत्तरवारा, शाळेबद्दल सहमत, पण कार्ल योहान्स गाते, म्हणजे राजवाड्याकडे जाणारा ओस्लोचा मुख्य रस्ता, टाळा असं सांगू नका. शंभराहून जास्त शाळा एकामागून एक राजवाड्यासमोरून जातात आणि राजघराणं सज्जात उभं राहून तासन् तास हात हलवत असतं. १९०६ पासूनची ही प्रथा आहे. एकदा तरी पाहायलाच हवी.
जायचंच असेल तर पाळणागाडी नेऊ नका, गर्दीत ती अडकून पडते. नाट्यगृहाशेजारचं स्टेशन तुंबतं, एक स्टेशन आधी उतरून चाला. मध्यवस्तीत ट्राम आणि बसचे मार्ग बदललेले असतात. मुलाच्या मनगटावर तुमचा फोन नंबर लिहून ठेवा.

गोदाकाठ
त्या ओस्लोच्या मिरवणुकीत ओस्लोच्या शाळा असतात. बैरुमच्या मुलांची मिरवणूक बैरुममध्ये. दोन्ही एकाच सकाळी, त्यामुळे निवड करावीच लागते. मुलगी चालणार आहे म्हटल्यावर प्रश्नच मिटला. शेजारच्या आस्करमध्ये युवराज दांपत्य स्काउगुम या आपल्या घरासमोर सकाळी मुलांच्या मिरवणुकीला सामोरं जातं आणि मग ओस्लोला येतं. पुढच्या कुठल्यातरी वर्षी तेही पाहता येईल.

तिखटमीठ
केकवर येते. पर्याय तीन.

सगळ्यात सोपा ब्लॉतकाके. स्पंज, क्रीम, वर स्ट्रॉबेरी आणि ब्लूबेरी, झेंड्याचे तिन्ही रंग आपोआप होतात. स्पंज १५ मेला भाजून गुंडाळून ठेवा, १६ ला रात्री तीन थर कापून दुधाने भिजवा आणि मधल्या थरांत क्रीम भरा. वरचं क्रीम आणि फळं १७ च्या सकाळी. स्ट्रॉबेरी रात्रीच कापून लावली तर तिचं पाणी सुटून पांढऱ्या क्रीमवर गुलाबी ओघळ येतात. मे मध्ये इथली स्ट्रॉबेरी तयार नसते, बाहेरून आलेली मिळते आणि ती जास्तच पाणीदार असते. धुतल्यावर कापडावर पूर्ण कोरडी करा. क्रीम घट्ट होताच थांबा, जास्त फेटलं की लोणी सुटायला लागतं.

दुसरा क्रान्सेकाके, बदामाच्या कड्यांचा मनोरा. हा खरा मानाचा. ५०० ग्रॅम बदाम, ५०० ग्रॅम पिठीसाखर, ३ ते ४ अंड्यांचा पांढरा भाग. अर्धे बदाम सोलून, अर्धे सालीसकट. सोललेले बदाम रात्रभर पसरून खडखडीत वाळवा. ओले दळले की लगदा होतो. दळताना मिक्सर सलग फिरवू नका, गरम होऊन तेल सुटतं. थोडं थोडं, थांबत थांबत. साखर मिसळून पुन्हा एकदा दळा. पांढरा भाग एकदम ओतू नका. पीठ बोटाने दाबल्यावर ठसा राहील पण चिकटणार नाही इतपतच घाला. झाकून रात्रभर फ्रीजमध्ये.
कड्यांचे साचे सहा, प्रत्येकात तीन, एकूण १८ कडी. साच्याला लोणी लावून वर बारीक रवा भुरभुरवा. करंगळीएवढी जाड वळी करा आणि सांधा नीट दाबा. २०० अंशांवर ८ ते १० मिनिटं. साच्यातच पूर्ण गार होऊ द्या, गरम असताना काढली तर तुटणारच. कडी पसरली तर समजावं की पांढरा भाग जास्त झाला किंवा भट्टी पुरेशी तापली नव्हती. जोडायला एका अंड्याचा पांढरा भाग, १५० ते २०० ग्रॅम पिठीसाखर आणि थेंबभर व्हिनेगर. वर कागदी झेंड्यांच्या माळा.
कडी कडक झाली तर बंद डब्यात पावाची एक चकती टाकून रात्रभर ठेवा, मऊ होतात. आतून चिवट लागायला हवीत, बिस्किटासारखी कुरकुरीत नव्हेत. आठवडाभर आधी करून फ्रीझ केली तरी चालतात. वाढताना मनोरा उचलून खालचं कडं काढतात, म्हणजे टोक शेवटपर्यंत शाबूत राहतं.

तिसरा पर्याय, मोठ्या ट्रेमधला चॉकलेट केक, चौकोनी तुकडे करून. मुलं हाच आधी संपवतात. पहिल्या वर्षी मी हाच सुचवेन.

निळीशाई
बदामाबद्दल एक सूचना. शाळेच्या मेलमध्ये ॲलर्जीबद्दल काही लिहिलंय का ते नीट बघा. काही वर्गांत सुक्या मेव्यावर बंदी असते. बंदी नसली तरी डब्यावर चिठ्ठी लावायची : गहू, दूध, अंडं, बदाम, जे असेल ते. नॉर्वेजियनमध्ये लिहा : ह्वेते, मेल्क, एग, मान्देल. चिठ्ठी नसलेला केक कॅफेतले लोक बाजूला ठेवतात.

पुरणयंत्र
नाश्त्याला नेण्यासाठी श्रीखंड! इथे केसाम नावाचं घट्ट दुग्धजन्य मिळतं, चक्क्याला अगदी जवळचं. पूर्ण स्निग्धांशाचं घ्या, कमी स्निग्धांशाचं रवाळ लागतं. १ किलो केसाम कापडात बांधून ३-४ तास फ्रीजमध्येच टांगा, बाहेर नको. उरेल त्याला २५० ग्रॅम पिठीसाखर पुरे, आपल्या मापाने घातली तर त्यांना फार गोड होतं. वेलदोडा मात्र सढळ हाताने. नॉर्वेजियन लोक गोड पावात, बोल्लरमध्ये, वेलदोडा घालतातच, त्यामुळे चव परकी वाटत नाही. छोट्या वाट्यांत, वर दोन स्ट्रॉबेरी.
पुरी नको. गार पुरी कोणाला आवडणार?

रानजाई
तिखटमीठ, पुरणयंत्र, फार आभार. श्रीखंड नक्की. पण नाश्त्याला काय काय असतं? आम्हाला खाता येईल असं काही असेल का?

दर्यावर्दी
स्क्रॅम्बल्ड अंडं आणि धुरावलेला सामन मासा हमखास. खारवून वाळवलेलं मांस, बटाट्याचं सॅलड, ताजे पाव, चीज, फळं, मोठ्यांना फसफसती वाईन. शाकाहारी माणसाचं पाव, अंडं, चीज, बटाटा यांवर छान भागतं, मात्र बटाट्याच्या सॅलडमध्ये मांसाचे तुकडे आहेत का ते विचारा. यजमानांना आधीच एका ओळीचा निरोप पाठवा : आम्ही मांस-मासे खात नाही, काय आणू? इथे हा प्रश्न विचारणं शिष्टाचाराला धरून आहे. दारात बूट काढायचे, तेव्हा मोजे चांगले घाला.
१७ मेला किराणा दुकानं आणि सरकारी मद्यविक्री केंद्रं बंद असतात. सगळी खरेदी १६ च्या दुपारच्या आत, संध्याकाळपर्यंत क्रीम आणि स्ट्रॉबेरीचे कप्पे रिकामे झालेले असतात.

सह्यकडा
रॉमेग्रॉटचा उल्लेख कोणीच केला नाही! आंबट सायीची खीर, पूर्ण शाकाहारी. ३ डेसिलिटर सेटररोम्मे (आंबट साय), दीड डेसिलिटर मैदा, ५ डेसिलिटर दूध, पाऊण चमचा मीठ. साय झाकण ठेवून मंद आचेवर पाचेक मिनिटं उकळा. एक तृतीयांश मैदा चाळून घाला आणि तूप सुटेपर्यंत ढवळत राहा. सुटलेलं तूप पळीने काढून ठेवा. उरलेला मैदा घाला, मग गरम दूध थोडं थोडं, दर वेळी गुठळी मोडून. शेवटी मीठ आणि पाच-दहा मिनिटं मंद शिजवणं. वाढताना साखर, दालचिनी आणि तेच काढलेलं तूप.
फसते ती मुख्यतः एका कारणाने : हलकी साय, लेट्ट्रोम्मे, वापरली तर. सेटररोम्मेत ३५ टक्के स्निग्धांश असतो म्हणून तूप सुटतं. हलकीत निम्माच, तूप सुटत नाही आणि नुसती मैद्याची लापशी उरते. दूध गार घातलं तरी गुठळ्या होतात.

बर्गनकर
मस्त. पण ती पोटाला जड असते. छोटी वाटी घ्या, मैदानावर आईस्क्रीम वाट पाहत असतं. मुलांना त्या दिवशी हवं तेवढं आईस्क्रीम खाऊ देतात, हा अलिखित नियम आहे. मुलीला "तिसरं नको" म्हणू नका.

केतकी_द
कपडे. साडी अवश्य नेसा. नॉर्वेजियन बायका त्या दिवशी बुनाद घालतात, आपापल्या खोऱ्याचा लोकरी, भरतकामाचा पोशाख आणि चांदीचे दागिने. बुनाद कोणत्या भागाचा हे त्यांना बघताक्षणी कळतं. आपल्या मुलखाचा पोशाख हौसेने घालून येणाऱ्याचं कौतुकच होतं. जीन्स आणि खेळाचे बूट तेवढे टाळा.
पण पैठणी नको. मे मधल्या ओस्लोत तापमान बऱ्याचदा १० ते १५ अंश आणि सर कधीही येते. रेशमावर पाण्याचे डाग राहतात, जर काळवंडतो. जाड सुती किंवा मिश्र धाग्याची साडी, आत अंगाला चिकटणारे पातळ मेरिनो लोकरीचे कपडे, लांब हातांचं ब्लाउज, वर लोकरी शाल. पदर पिनेने पक्का करा, कारण कॅफेत काम आहे. दिवसभर उभं राहायचं असल्याने चपटे, बंद बूट. नऊवारी नेसता येत असेल तर चालायला ती सोयीची.
झेंड्याच्या रंगांची छोटी फीत मिळते, ती छातीवर डाव्या बाजूला लावायची.

निळीशाई
केतकीताईंशी सहमत, फक्त एक भर. नवऱ्यालाही नीटनेटके कपडे घालायला लावा. गडद सूट किंवा बंद गळ्याचा कोट. बायको साडीत आणि नवरा पफर जॅकेटमध्ये हे दृश्य फार दिसतं.

गोदाकाठ
बुनाद विकत घ्यावा का, हा प्रश्न पुढेमागे येईलच. पूर्ण संच चांदीसकट दहा हजारांच्या पटीत क्रोनरला जातो आणि शिवून मिळायला बराच काळ लागतो. इथे राहायचं ठरल्यावर, ज्या भागात राहता तिथला बुनाद घेणं हा एक मार्ग आहे आणि त्याला आता फारसं कोणी हरकत घेत नाही. पहिल्या वर्षी घाई नको.

उत्तरवारा
झेंड्याचा प्रश्न राहिला. मुलीच्या हातात नॉर्वेचा कागदी किंवा कापडी छोटा झेंडा. जमिनीला लागू द्यायचा नाही, खाली बसताना टाकायचा नाही. फाटला तर कचऱ्यात न टाकता रंगांच्या पट्ट्या कापून वेगळ्या करतात किंवा जाळतात. घराच्या खांबावर लावणार असाल तर सकाळी ८ ला वर आणि सूर्यास्ताला खाली, उशिरात उशिरा रात्री ९ ला. मे मध्ये सूर्य त्यानंतरही असतो, पण ९ ही मर्यादा पाळतात.

सह्यकडा
एका हातात नॉर्वेचा आणि दुसऱ्या हातात तिरंगा दिला तर काय बिघडलं? मुलगी दोन्हीची आहे.

उत्तरवारा
भावना समजते. पण हा दिवस त्यांच्या संविधानाचा आहे आणि परदेशी झेंड्यांवरून इथे वाद झालेले आहेत. काही ठिकाणी स्थानिक समिती परवानगी देते, काही ठिकाणी नाही. इथल्या मूळ रहिवासी सामी लोकांचा झेंडा मात्र दिसतो, तो याच भूमीचा आहे. तिरंगा हवाच असेल तर आधी समितीला विचारा, मिरवणुकीत उभ्या असलेल्या मुलीच्या हातातून झेंडा काढून घ्यायची वेळ येऊ नये. तिरंगा १५ ऑगस्टला आणि २६ जानेवारीला मानाने फडकवू.

सह्यकडा
विचारून मग ठरवावं, हे पटलं. तरीही माझं मत तेच आहे.

दर्यावर्दी
संविधानाचा विषय निघालाच आहे तर मुलीला सांगण्यापुरता इतिहास. १८१४ मध्ये आइड्सव्हॉल या गावी ११२ प्रतिनिधी जमले आणि त्यांनी संविधान बनवलं, त्यावर १७ मे ही तारीख आहे. त्याच वर्षी स्वीडनशी एकीकरण स्वीकारावं लागलं, ते टिकलं १९०५ पर्यंत. स्वीडिश राजा कार्ल योहानला हा उत्सव नको होता. १८२९ च्या १७ मेला राजधानीच्या चौकात जमलेल्या लोकांवर घोडदळ सोडलं गेलं. म्हणजे हा दिवस साजरा करणं हीच एके काळी राजाची अवज्ञा होती. आणि आज ज्या रस्त्यावरून मुलं चालतात त्याला नाव त्याच राजाचं!
मुलांची मिरवणूक राजधानीत १८७० पासून, कवी ब्यॉर्नसन यांच्या पुढाकाराने. तेव्हा फक्त मुलगे चालत. मुली आल्या १८८९ मध्ये. जर्मन ताब्याच्या काळात उत्सवावर बंदी होती, त्यामुळे १९४५ चा १७ मे इथल्या लोकांना वेगळाच वाटला असणार.

केतकी_द
यात कवी वेर्गेलानचं नाव हवंच. १८१४ च्या त्याच संविधानात ज्यूंना देशात प्रवेश बंद होता. वेर्गेलानने ते कलम काढावं म्हणून लिहिलं, भांडला, १८४५ मध्ये गेला आणि कलम रद्द झालं १८५१ मध्ये. अजूनही १७ मेला ज्यू तरुण त्याच्या कबरीवर फुलं वाहतात. बाहेरून आलेल्या आपल्यासारख्यांनी हा भाग जरूर माहीत करून घ्यावा. ज्या कागदाचा उत्सव होतो त्यातली चूक दाखवणाराही त्याच दिवशी मानला जातो, हे मला या देशाचं फार आवडतं.

पुरणयंत्र
हे माहीत नव्हतं. धन्यवाद.
थोडं अवांतर : १ मेसुद्धा इथे सुट्टी आहे, कामगार दिन. महाराष्ट्र दिनाला आयती सुट्टी मिळते, मराठी लोकांना जेवायला बोलवायला उत्तम दिवस. क्रान्सेकाकेचा सराव त्या दिवशी करून टाका.

तिखटमीठ
+१. कडी तेव्हाच फ्रीझ करता येतील.

बर्गनकर
लाल आणि निळ्या डुंगरी घातलेली मोठी मुलं दिसतील, ती रुस. बारावीच्या वर्गाएवढी, शाळा संपवणारी. लहान मुलं त्यांच्याकडे नाव-फोटोची छापील कार्डं मागतात आणि जमवतात. मुलीला आधी सांगून ठेवा, नाहीतर वर्गमैत्रिणी सगळ्या धावतील आणि ती बघत राहील. कार्डं ठेवायला छोटी पिशवी द्या. काही कार्डांवरचा मजकूर मोठ्यांसाठीचा असतो, घरी आल्यावर एकदा नजर टाका.

रानजाई
हे कोणीच सांगितलं नसतं! आता कॅफेतल्या कामाबद्दल थोडं सांगाल का? भाषा अजून अडखळतच येते, नेमकं काय करावं लागतं?

गोदाकाठ
तेच काम सगळ्यात महत्त्वाचं आहे. दूग्नाद म्हणतात त्याला, सगळ्यांनी मिळून बिनपैशाचं काम. हातात भांडं घेऊन शेजारी उभं राहिलेल्या पालकांशी ओळख आपोआप होते, नुसत्या गप्पांच्या समारंभात होत नाही. भाषा अडखळत असेल तर पैसे घेण्याऐवजी सॉसेज, कॉफी किंवा केक कापणं मागून घ्या.
सॉसेजचं पाणी उकळू द्यायचं नाही, ७५ ते ८० अंश, वाफ दिसावी पण बुडबुडे नकोत. उकळलं की साल फाटतं आणि चव पाण्यात जाते. ते लोम्पेत, म्हणजे बटाट्याच्या पातळ मऊ पोळीत, गुंडाळून देतात. लोम्पे ओलसर फडक्याखाली ठेवा, उघडी राहिली की कडा सुकून गुंडाळताना मोडते. शाकाहारी सॉसेज वेगळ्या भांड्यात, वेगळा चिमटा. ती मागवली आहेत का हे फाउला आजच विचारा. मागवली नसतील तर तुम्ही आणते म्हणा, बाकीचेही शाकाहारी खूश होतील.
कॉफी लिटरला ६० ते ७० ग्रॅम. कमी घातली तर पहिल्याच कपाला तक्रार येते.

निळीशाई
मांसाची सॉसेज हाताळायची नसतील तर तसं सरळ सांगा, कोणी वाईट मानत नाही. खेळांच्या बाजूलाही माणसं लागतात. पोत्यांची शर्यत असते आणि आपली लिंबू-चमचा, फक्त लिंबाच्या जागी बटाटा. चमचे मोठे ठेवा, लहान मुलांचे बटाटे पहिल्या पावलालाच पडतात.
पैसे विप्स या ॲपने घेतात. त्याला नॉर्वेजियन ओळख क्रमांक आणि बँक खातं लागतं. तुमचं अजून झालं नसेल तर फाउच्या कोणालातरी आधी विचारा की रोख चालेल का.

उत्तरवारा
राष्ट्रगीत कुठेही सुरू झालं की हातातलं काम थांबवून उभं राहायचं, टोपी काढायची. पहिलं, सातवं आणि आठवं कडवं म्हणतात. पहिलं पाठ केलंत तरी पुष्कळ.

रानजाई
सगळं लिहून घेतलं. ठरलं ते असं : नाश्त्याला श्रीखंड, शाळेत ट्रेमधला चॉकलेट केक (बदाम नाही), सुती साडी आणि आत लोकरी, मुलीच्या हातात नॉर्वेचा झेंडा, ओस्लो पुढच्या वर्षी. फाउला शाकाहारी सॉसेजबद्दल विचारलं. मागवलेली नव्हती, आता मी ४० आणणार आहे. केक किती वाजता पोचवायचा ते मेलमध्ये नाही, त्याचं काय?

तिखटमीठ
बहुतेक शाळांत १६ च्या संध्याकाळी किंवा १७ ला मिरवणुकीच्या तासभर आधी घेतात, वर्गाच्या पालक प्रतिनिधीला निरोप टाकून विचारा. केक परत न मागायच्या ट्रेमध्ये न्या. स्वतःचा ट्रे नेलात तर तळाला मुलीचं नाव आणि वर्ग लिहून चिकटपट्टी लावा, आणि घरून निघताना सुरी तुमची तुम्ही घेऊन जा, तिथे कधीच पुरेशा नसतात.